कुटुंबासह वनातील मुक्काम : तिपेश्वर आणि पैनगंगेचा काठ

आदिलाबाद जिल्ह्यातील भीमपूर मंडल आणि यवतमाळ जिल्ह्यातील तिपेश्वर अभयारण्य यांच्यामध्ये पैनगंगा नदी आहे. नकाशावर ही नदी दोन राज्यांची सीमा होय. पाणी उतरले म्हणजे मात्र गुरे, माणसे आणि वन्य प्राणी या सर्वांनाच ती ओलांडता येते. तिपेश्वरचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर असून १९९७ साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. सागवानाचे मिश्र वन, मधूनमधून गवताळ कुरणे आणि उन्हाळ्यातही टिकणारे पाणवठे यांमुळे वाघासाठी हा प्रदेश अनुकूल ठरला आहे. अभयारण्याचे सुन्ना प्रवेशद्वार नागपूर-हैदराबाद महामार्गापासून जवळ असल्याने सुटीच्या दिवसांत आदिलाबाद, यवतमाळ, नागपूर, हैदराबाद येथून कुटुंबेच्या कुटुंबे येतात, एखादी रात्र परिसरात काढतात आणि सकाळी वनात फेरी मारून परततात.

ही वर्दळ पाहून नदीच्या दोन्ही काठांवरील ग्रामस्थांच्या मनात साहजिकच काही प्रश्न येतात. आपणही मुलाबाळांसह असा मुक्काम करावा काय? शाळेच्या मुलांना नेता येईल काय? आणि मुख्य म्हणजे, नदी आपल्याच गावची असताना आपल्याच काठावर, आपल्याच झाडाखाली राहुटी ठोकली तर त्यात वावगे काय? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘होय, अवश्य’ असे आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी थोड्या तपशिलात शिरावे लागेल.

मुक्कामाची जुनी रीत

वनात किंवा माळावर सहकुटुंब रात्र काढणे ही शहरी माणसाने शोधून काढलेली गोष्ट नव्हे. बैलगाड्या जुंपून जत्रेस जाणारी, वाटेत ओढ्याकाठी गाड्या सोडून तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजणारी पिढी आजही गावोगाव हयात आहे. आदिलाबाद जिल्ह्यापुरते बोलावयाचे झाल्यास इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूरच्या नागोबा जत्रेहून चांगले उदाहरण सापडणार नाही. पुष्य अमावास्येच्या पूजेसाठी मेश्राम कुळातील गोंड मंडळी पायी गोदावरीवर जाऊन कलशात जल आणतात. वाटेतील मुक्काम ठरलेले असतात. केसलापुरास पोहोचल्यावर ही कुटुंबे वडाच्या झाडांखाली उतरतात. कोणी कोठे उतरावे, पाणी कोठून आणावे, स्वयंपाक कोणत्या चुलीवर व्हावा, याची व्यवस्था परंपरेने नेमून दिलेली आहे. शेकडो कुटुंबे एकत्र राहूनही गोंधळ होत नाही, याचे कारण ही नेमणूकच होय.

पूर्वीच्या मुक्कामांमध्ये एक गोष्ट गृहीत असे. उतरण्याची जागा कोणालाही हवी तशी निवडता येत नसे. गाडीवानाला माहीत असे की अमुक नाल्यापाशी थांबावयाचे नाही, तमुक उंबराखाली रात्री गाडी सोडावयाची नाही. कारण विचारल्यास तो भुताखेताची कथा सांगे. परंतु त्या जागा बहुधा जनावरांच्या पाण्याच्या वाटेवर असत, हे वनात काम केलेल्या माणसाच्या ध्यानी आल्यावाचून राहत नाही. गाड्या गेल्या, मोटारी आल्या आणि हे ज्ञान मागे पडले. आज राहुटी बाजारात विकत मिळते, ती कोठे लावू नये हे तिच्यासोबत मिळत नाही.

राहुटीची जागा नेमून का देतात

वनविभागाच्या किंवा अन्य मान्यताप्राप्त तळावर गेल्यास प्रथम जाचक वाटते ती गोष्ट म्हणजे आखून दिलेली जागा. गाडी येथेच उभी करा, राहुटी याच ओट्यावर, चूल त्याच कोपऱ्यात. एवढे मोठे रान पडले असताना हा संकोच कशासाठी, असे कोणासही वाटेल. या पद्धतीमागे एक उद्बोधक इतिहास आहे.

अमेरिकेत पहिल्या महायुद्धानंतर मोटारगाड्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि कुटुंबे राष्ट्रीय उद्यानांत व निरनिराळ्या राज्यांच्या उद्यानांत राहुट्या घेऊन मुक्कामास जाऊ लागली. ज्याला जेथे सावली बरी वाटे तेथे तो गाडी नेऊन उभी करी. थोड्याच वर्षांत, ज्या भव्य वृक्षांसाठी लोक येत होते तेच वृक्ष निस्तेज होऊ लागले. मायनेके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञाने याची पाहणी केली. मूळ दोष त्यांना मुळांवरील मातीत आढळला. चाकांनी आणि पावलांनी ती इतकी दबली होती की तिच्यात पाणी मुरत नव्हते व हवा खेळत नव्हती. १९३२ साली त्यांनी तळाच्या आखणीचे धोरण मांडले. त्यानुसार एकेरी वाहतुकीचा रस्ता, प्रत्येक कुटुंबास ठरावीक जागा, गाडी पुढे जाऊ नये म्हणून मोठे धोंडे किंवा ओंडके, आणि एकाच ठिकाणी पक्की चूल अशी रचना सुचविण्यात आली. जगभरातील वनतळांची आखणी पुढे बव्हंशी याच धर्तीवर झाली.

आपल्या शेतकऱ्यास हे निराळे सांगावयास नको. बांधावरील ज्या आंब्याखाली वर्षानुवर्षे गुरे बांधली जातात तो आंबा शेणखत मिळूनही हळूहळू खंगतो, हे त्याने पाहिलेले असते. खत वरच्या वर राहते, खाली माती दगडासारखी झालेली असते. वनातील तळावर एका हंगामात हजारो पावले फिरतात. ती एकाच वाटेवर फिरली तर उरलेली जमीन जिवंत राहते, म्हणून वाट आखलेली असते.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ अन्वये अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध आहेत. तेथे राहण्याची परवानगी असलेल्या व्यक्ती, स्थावर मालमत्तेचा हक्क असलेले लोक, सार्वजनिक मार्गावरून जाणारे प्रवासी आणि कामावरील लोकसेवक यांना त्यातून सूट आहे. वन्य प्राण्यांना त्रास देणे किंवा अभयारण्यात केरकचरा टाकणे यास याच कलमाने मनाई केली आहे. कलम २८ खाली पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास इत्यादी कारणांसाठी परवाना मिळतो. कलम ३० अन्वये अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटविणे किंवा पेटता सोडून जाणे हा अपराध आहे. शस्त्र घेऊन प्रवेश करण्यास कलम ३१ चा प्रतिबंध आहे. ‘जंगलात जावयाचे तर हाती काही असावे’ म्हणून भरमार बंदूक सोबत घेणाऱ्या उत्साही नातलगास हे आधीच सांगून ठेवणे बरे.

थोडक्यात, अभयारण्याच्या हद्दीत राहुटी ठोकून रात्र काढता येत नाही. पर्यटकांचा मुक्काम प्रवेशद्वाराबाहेर असतो आणि आत जावयाचे ते परवान्याने, वाटाड्यासह व नेमून दिलेल्या वेळात. पावसाळ्यात अभयारण्ये पर्यटनासाठी बंद ठेवतात. कवाल, ताडोबा, मेळघाट यांसारख्या व्याघ्र प्रकल्पांसंबंधी सर्वोच्च न्यायालयात २०१२ साली झालेल्या सुनावणीनंतर केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. गाभा क्षेत्रात पर्यटनासाठी नवी बांधकामे होऊ नयेत, असे त्यांत म्हटले आहे. मुक्काम बाहेर ठेवण्याच्या धोरणामुळे गावांचाही लाभ होतो. पाहुणा वनाच्या आत न राहता गावाच्या वेशीपाशी राहिला म्हणजे दूध, भाजी, जेवण आणि वाटाड्याचा रोजगार यांचा पैसा गावात येतो.

अभयारण्याबाहेरील राखीव वनालाही नियम आहेतच. महाराष्ट्रात भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि तेलंगणात पूर्वीच्या आंध्र प्रदेशाचा वन अधिनियम, १९६७ यांनुसार राखीव वनात विनापरवाना प्रवेश आणि विस्तव पेटविणे निषिद्ध आहे.

नदीकाठ का नको

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. पैनगंगेचा काठ अनेक ठिकाणी अभयारण्यही नाही आणि राखीव वनही नाही. कोठे गायरान आहे, कोठे खाजगी शेत. तेथे राहुटी ठोकण्यास कायद्याची आडकाठी नसेलही. तरीही हिवाळ्याच्या व उन्हाळ्याच्या रात्री तेथे मुलाबाळांसह राहू नये असे आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण हा काठ वाघांच्या येण्याजाण्याचा मार्ग आहे.

तिपेश्वरसारख्या लहान अभयारण्यात जन्मलेल्या वाघास मोठा झाल्यावर स्वतःचे क्षेत्र शोधावे लागते. जागा न मिळाल्यास तो बाहेर पडतो. दक्षिणेकडे निघालेला वाघ पैनगंगा ओलांडून प्रथम पोहोचतो तो भीमपूर, तामसी, जैनाद या भागांत. नोव्हेंबर २०२२ मध्ये भीमपूर मंडलातील पिप्पलकोटी परिसरात जलाशयाच्या कामाजवळ चार वाघ एकत्र दिसल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली होती. वाघ सहसा एकटा हिंडणारा प्राणी आहे. चार वाघ एकत्र दिसतात तेव्हा ती बहुधा आई व तिची वाढती पिल्ले असतात, आणि पिल्ले सोबत असलेली वाघीण अन्य वाघांहून अधिक सावध असते.

वाघ केवढे अंतर तोडतो याचा पुरावाही तिपेश्वरनेच दिला आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथील एका तरुण नर वाघाच्या गळ्यात संदेश पाठविणारा पट्टा बसविण्यात आला. अभ्यासकांनी त्यास टी-१-सी-१ ही संज्ञा दिली. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडावर तो निघाला आणि यवतमाळ, आदिलाबाद, नांदेड, हिंगोली असा फिरत फिरत डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एकंदर नऊ महिन्यांत त्याने तीन हजार किलोमीटरहून अधिक चाल केली. ही चाल शेतांमधून, नाल्यांच्या काठाकाठाने आणि मुख्यतः रात्री झाली. ज्यांच्या शेतातून तो गेला त्यांतील बहुतेकांना त्याची चाहूलही लागली नसेल. या प्रवासात मनुष्यास इजा झाल्याचा एकच प्रसंग नोंदला गेला. काही माणसे तो विश्रांती घेत असलेल्या झुडपात शिरली तेव्हा त्यांपैकी एकास जखम झाली.

यावरून घ्यावयाचा बोध उघड आहे. वाघ माणसाच्या शोधात फिरत नाही. परंतु नाला, नदीकाठचे गवत आणि पाणवठा ही त्याची रात्रीची वाट आहे, आणि त्या वाटेवर झोपलेले कुटुंब त्याच्या मार्गात येते. दिवसा नदीवर वनभोजन करावे, मुलांनी पाण्यात डुंबावे, त्यास हरकत नाही. सूर्यास्तापूर्वी मात्र काठ सोडावा. राहुटी लावावयाचीच असेल तर ती मान्यताप्राप्त तळावर किंवा गावाच्या वस्तीलगत, पाण्यापासून आणि दाट झुडपांपासून दूर, मोकळ्या जागी असावी. तिन्हीसांजेला व पहाटे वाकून किंवा बसून काम करणारा माणूस लांबून माणसासारखा दिसत नाही, ही बाब मोहफुले व तेंदूपाने वेचणाऱ्यांप्रमाणे तळावर भांडी घासणाऱ्यांनीही लक्षात ठेवावी.

अन्नाचा वास

१३ ऑगस्ट १९६७ रोजी अमेरिकेतील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात एकाच रात्री दोन वेगवेगळ्या ठिकाणी अस्वलांनी मुक्कामाच्या तळावर झोपलेल्या दोन तरुणींचे प्राण घेतले. त्यापूर्वी कित्येक वर्षे तेथे असे घडले नव्हते. चौकशीत दिसून आले की एका विश्रामगृहाच्या मागे उष्टे-खरकटे टाकण्यात येई आणि ते खाण्यास येणारी अस्वले पाहणे ही पर्यटकांची करमणूक झाली होती. माणसाच्या अन्नाला चटावलेले जनावर माणसाला भीत नाही. त्यानंतर तेथे कचरा व अन्न ठेवण्याचे नियम अत्यंत कडक करण्यात आले.

आपल्याकडील अस्वल निराळ्या जातीचे असले तरी मोहफुले आणि वाळवी शोधीत रात्री हिंडणारे ते तापट जनावर आहे. शिवाय रानडुक्कर, वानर व कोल्हा आहेतच. म्हणून तळावर स्वयंपाक दिवस मावळण्यापूर्वी आटोपावा. भाकरी, पिठले, ठेचा एवढ्यात भागते. तळणाचा आणि मांसाहाराचा घाट वनात नसलेला बरा. भांडी झोपण्याच्या जागेपासून दूर नेऊन घासावी. उरलेले अन्न, पीठ, गूळ, शेंगदाणे राहुटीत न ठेवता गाडीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात बंद ठेवावे. खरकटे पुरून टाकण्याची आपली सवय येथे उपयोगाची नाही, रानडुक्कर ते त्याच रात्री उकरून काढते. सर्व कचरा पिशवीत भरून परत न्यावा. वानरांना केळी देणाऱ्या पालकांना तर तळावरील सेवकांनी निःसंकोच अटकाव करावा. मुलांना मौज वाटते खरी, पण पुढच्या आठवड्यात तोच वानर दुसऱ्या एखाद्या मुलाच्या हातातील डबा ओढतो आणि प्रसंगी चावतो. पाळीव कुत्रे सोबत नेऊ नये. ते रक्षण करील ही समजूत चुकीची असून बिबट्यास त्याचे आकर्षणच असते.

शेकोटी

राहुटीपुढे शेकोटी हवीच, असे नव्याने मुक्कामास येणाऱ्यांना वाटते. साग पानगळीचा वृक्ष आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून त्याची पाने जमिनीवर थरावर थर साचतात आणि जूनच्या मध्यापर्यंत एखादी ठिणगीही वणव्यास पुरेशी होते. वनविभाग या काळापूर्वी जाळरेषा मोकळ्या करतो आणि पहारा ठेवतो, तरी वणवे लागतातच. त्यांतील बहुतेक मनुष्यनिर्मित असतात. मोहफुले स्पष्ट दिसावी म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविणे, तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणून जाळणे, विझविल्यावाचून टाकलेली विडी, ही नेहमीची कारणे होत. पर्यटकांस दोष देताना आपण आपलाही हात तपासावयास हवा. मोहाखालचा पाचोळा झाडून काढला किंवा खाली जुने कापड अंथरले तरी फुले तितकीच मिळतात, आणि ती स्वच्छ मिळतात.

पानगळीच्या दिवसांत तळावर शेकोटी पेटवूच नये. हिवाळ्यात, जेथे परवानगी आणि पक्की चूल आहे तेथे लहानशी पेटवावी. लाकूड वनातून न तोडता तळावरून किंवा गावातून विकत घ्यावे. झोपण्यापूर्वी पाणी ओतून, काठीने निखारे ढवळून, पुन्हा पाणी ओतावे आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन उष्णता लागत नाही याची खात्री करावी. नुसती माती लोटल्याने आग आत धुमसत राहते.

या भागातील थंडी साधी नसते. भीमपूर मंडलातील अर्ली (टी) या गावाच्या किमान तापमानाची नोंद हिवाळ्यात वृत्तपत्रांतून वारंवार झळकते. म्हणून कित्येकजण निखाऱ्यांची शेगडी राहुटीत घेऊन झोपतात. ही सवय जिवावर बेतणारी आहे. बंद जागेत कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूस वास नसतो आणि रंगही नसतो. झोपलेला माणूस जागा होत नाही. ऊब हवी असल्यास ती खालून आणावी. जमिनीवर कडब्याचा थर, त्यावर ताडपत्री, त्यावर घोंगडी अशी बिछायत केल्यास अंगावर दोन पांघरुणे अधिक घेण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

रात्रीची झोप

वनातील मुक्कामाचा विचार करताना सर्वांचे लक्ष वाघाकडे लागते. वस्तुतः रात्रीचा मोठा धोका त्याहून फार लहान आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. त्यांत चौथ्या हिश्शाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. वाघाच्या हल्ल्यांशी या संख्येची तुलनाच होऊ शकत नाही.

जमिनीवर झोपणाऱ्यास सर्वाधिक भय मण्यारचे आहे. निळसर काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला हा साप रात्री हिंडतो आणि अंथरुणात शिरतो. झोपलेल्याने कूस बदलली की चावतो. त्याचे दात इतके बारीक असतात की दंश कळत नाही, सूज येत नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून उठते. आईबाप अपचन समजून ओवा देतात. तासाभराने पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते, थुंकी गिळता येत नाही आणि पुढे श्वास थांबतो. तेव्हा पुढील वाक्य पालकांनी व शिक्षकांनी पाठ करावे. जमिनीवर झोपून उठलेल्या मुलाचे पोट दुखत असेल आणि पापण्या खाली येत असतील, तर दंशाची खूण नसली तरी तो सर्पदंश समजून त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

नेताना हात-पाय करकचून बांधू नयेत, जखम कापू नये, तोंडाने विष ओढू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. रुग्णास चालू न देता कुशीवर निजवून न्यावे. विषावरील लस आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय यांमुळे मण्यारचा रुग्णही वाचतो, मात्र वेळ हातातून जाता कामा नये. भीमपूर भागास आदिलाबादचे राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आणि सुन्ना भागास पांढरकवड्याचे शासकीय रुग्णालय सोयीचे पडते. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक दोन्ही राज्यांत आहे. सीमेवर मात्र दूरध्वनी कधी अलीकडच्या तर कधी पलीकडच्या मनोऱ्यास लागतो. म्हणून बोलताना प्रथम राज्य, मग तालुका किंवा मंडल आणि नंतर गाव सांगावे.

प्रतिबंध मात्र अगदी स्वस्त आहे. बाजेवर झोपावे आणि मच्छरदाणीच्या कडा चारही बाजूंनी गादीखाली खोचाव्या. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतात असे नेपाळच्या तराईत झालेल्या पाहणीत आढळून आले आहे. हिवतापापासूनचे रक्षण तर त्यात आलेच. राहुटी असेल तर तिचा तळ भिंतींना शिवलेला असावा आणि साखळी सदैव बंद असावी, दिवसासुद्धा. धान्य व खाऊ राहुटीत ठेवल्यास उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. सकाळी बूट झटकून घालावे, त्यात विंचू असण्याचा संभव असतो. रात्री बाहेर पडताना विजेरी आणि पायात पादत्राण याला पर्याय नाही. हे सर्व नियम तळावरील पाहुण्यांइतकेच कापूस आणि ज्वारीच्या रक्षणासाठी शेतात जागलीस जाणाऱ्यांनाही लागू आहेत. किंबहुना पाहुणा एक रात्र झोपतो आणि जागल्या महिनोन्‌महिने, याचा विचार करता मच्छरदाणीची निकड त्यालाच अधिक आहे.

पावसाळ्यानंतर गवतात बसण्या-लोळण्याने सूक्ष्म किड्यांच्या चावण्यातून होणारा स्क्रब टायफस नावाचा ताप येऊ शकतो. मुक्कामानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना वनातील मुक्काम आवर्जून सांगावा. अंगावर कोठे काळसर खपली असेल तर तीही दाखवावी. निदान वेळेवर झाले की हा रोग साध्या औषधाने बरा होतो.

मुले आणि शाळा

शाळेच्या मुलांना तळावर नेताना पालकांची लेखी संमती, मुलांची यादी आणि कोणाला कोणता आजार आहे याची नोंद या गोष्टी शिक्षकांना ठाऊकच असतात. दोन सूचना जास्तीच्या आहेत. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिटी असावी, आणि वाट चुकल्यास शोधत न फिरता जवळच्या मोठ्या झाडाशी बसून शिटी वाजवावयाची, हे निघण्यापूर्वी शाळेच्या मैदानावर एकदा करून घ्यावे. हरवलेले मूल चालत राहिले तर शोधणाऱ्यांचे क्षेत्र तासागणिक वाढत जाते. रात्री पाळीपाळीने एक तरी मोठे माणूस जागे असावे.

मुलांना दाखवावयाचे काय? वाघच दिसावा या हट्टाने निघालेली सहल बहुधा हिरमुसून परतते. त्यापेक्षा पहाटे मऊ मातीवर उमटलेल्या पावलांत खूर कोणता आणि पंजा कोणता, चितळाच्या लेंड्या आणि नीलगाईच्या लेंड्या यांत फरक काय, वानराने धोक्याची हाक दिली की चितळ मान वर का करते, हे पाहण्यात दोन तास सहज जातात आणि विज्ञानाच्या तासाची उजळणी होते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजण्याचा वनविभागाचा उपक्रम याच प्रकारचा आहे. वैशाखात पाणी थोडे आणि चांदणे भरपूर असल्याने ती रात्र निवडली जाते. त्यात सामान्यतः लहान मुलांना घेत नाहीत, परंतु शिक्षकांनी एकदा अवश्य बसावे. रात्रभर न बोलता बसण्याचा अनुभव घेतलेला शिक्षक ध्वनिक्षेपक घेऊन सहल काढीत नाही.

निघण्यापूर्वी

तळावर जागा आगाऊ राखून ठेवावी व ओळखपत्रे जवळ असावी. फेरीच्या वेळा आणि आठवड्याची सुटी प्रवेशद्वारावर किंवा वनविभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावी. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे, ओढ्याचे घ्यावेच लागले तर खळखळ उकळावे. शौचालय असेल तेथे त्याचाच वापर करावा, नसेल तेथे पाण्यापासून साठ-सत्तर पावले दूर वीतभर खोल खड्डा करून तो बुजवावा. वाघ, बिबट्या किंवा अस्वल वस्तीजवळ आढळल्यास जमाव करून पाठलाग न करता महाराष्ट्रात १९२६ या क्रमांकावर आणि तेलंगणात नजीकच्या वनक्षेत्र अधिकाऱ्यास कळवावे. परत निघताना राहुटी काढल्यावर तिच्याखालच्या जागेवर एक फेरी मारावी. खुंट्या, दोऱ्यांचे तुकडे, मुलांच्या गोळ्यांचे कागद तेथेच सापडतात. चुलीतील राखेवर शेवटची घागर रिकामी करावी आणि ती थंड झाली की गाडीत बसावे.